बोलवेळ

डॉक्टर कुंदा लांजेवारला माणूस भेटला की त्याचा चेहरा आधी दिसायचाच नाही. आधी दिसायची मान, मग हनुवटी, मग बोलताना तोंड किती उघडतं ते. भूल देणाऱ्या डॉक्टरांची ही खोडच आहे म्हणा ना. ऑपरेशनसाठी माणसाला झोपवलं की त्याचा श्वास डॉक्टरच्या हवाली होतो, आणि घशातून श्वासनलिकेत नळी गेली नाही तर काही मिनिटांत खेळ आटोपतो. ज्याची मान वळत नाही, ज्याचं तोंड उघडत नाही, त्याला नळी घालताना भल्याभल्यांचे हात थरथरतात. म्हणून कुंदा बँकेत, बसस्टँडवर, हळदीकुंकवात, कुठेही बसली तरी समोरच्याला मनातल्या मनात सोपा नाहीतर अवघड ठरवून मोकळी व्हायची. तोंडात तीन बोटं उभी मावली तर सोपा. दोन मावली तर जपून. एकच मावलं तर देवाचं नाव घ्यायचं.

ही खोड तिला एकदाच महागात पडली, पण अशी पडली की विचारू नका.

तिच्या मुलीचं लग्न होतं. पवनीला, वैनगंगेच्या काठच्या सभागृहात. मुलीचा मामा म्हणजे कुंदाचा थोरला भाऊ दिवाकर. बाप लवकर गेल्यावर भाताच्या गिरणीत पोती उचलून यानेच बहिणीला शिकवलं होतं. त्या दिवशी भाचीला हाताला धरून बोहल्यापर्यंत आणलं तेव्हा दादाची छाती गिरणीच्या दारासारखी रुंद झाली होती. मग पंगत बसली. व्याह्यांनी आग्रहाने त्याच्या तोंडाशी अख्खा लाडू नेला, आणि लाडू काही आत जाईना. दादा हसत हसत तो हातात घेऊन चिमटीने खाऊ लागला.

कुंदाने ते पाहिलं. त्या भागात खर्रा खाणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटायचा आणि दिवसभर गालात ठेवायचा. वर्षानुवर्षांनी गालांच्या आतलं अस्तर चामड्यासारखं कडक होतं आणि तोंड हळूहळू मिटत जातं. कुंदा वाढायची पळी टाकून पुढे झाली. भर पंगतीत, व्याह्यांच्या समोर, तिने भावाची हनुवटी धरली.

"दादा, तोंड उघड. उघड म्हणते नं! हे पाहा, एक बोट. एकच बोट मावून राहिलं! अरे, उद्या मरायले टेकशील तेव्हा मी नळी कुठून घालू तुझ्या?"

लग्नातली माणसं. त्यांना हसायला निमित्तच हवं असतं. पंगत हसली, व्याही हसले. दिवाकर पानावरून उठला, हात धुतला, मोटरसायकल काढली आणि गेला. त्या दिवसापासून त्याने बहिणीशी अबोला धरला.

भांडण केलं असतं तर परवडलं असतं. दिवाकर भाऊबीजेला यायचा, पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा, ताटात ओवाळणी टाकायचा. राखीला हात पुढे करायचा. सगळं रीतीप्रमाणे, फक्त शब्द नाही. काही सांगायचंच झालं तर बायकोकडे बघून, "तिले सांग, चहा कमी गोड कर म्हणा." कुंदाने दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा दादा छताकडे बघत राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते कुंदाच्या माहेरच्या घराण्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं.

मग वेल आली.

वेल म्हणजे करंगळीएवढ्या जाडीची मऊ नळी. ती आत ढकलावी लागत नाही, टोकाकडून वाढते. मोजा उलटा करताना आतलं कापड बाहेर येत पुढे सरकतं, तशी ती स्वतःच्या पोटातून उलगडत जाते. त्यामुळे घशाला घासत नाही, खरचटवत नाही. आणि वाट शोधते ती माणसाच्या उच्छ्वासावरून. फुफ्फुसातून येणारी हवा कोमट असते, ओलसर असते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड असतो. शेजारच्या अन्ननलिकेतून अशी हवा येत नाही. वेलीच्या टोकाला तिळाएवढे संवेदक आहेत. ते ही हवा हुंगतात, आणि जिकडून श्वास येतो तिकडे वेल वळते. तोंड उघडत नसेल तर नाकातून जाते. पडद्यावर एक हिरवी रेघ दिसते, ती म्हणजे श्वासाचा जोर. रेघ पिवळी झाली की वेल जागच्या जागी थांबते. अंदाजाने पुढे जाणं तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

वेल येण्याआधी गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत कुठेही मिटलेल्या तोंडाचा रोगी आला की फोन कुंदाला यायचा. तिची रीत जुनी होती. अवघड माणसाला झोपवायचं नाही, जागं ठेवायचं, कारण झोपला की श्वास हातचा गेला. घसा औषधाने बधिर करायचा, नाकातून दोरीसारखी बारीक दुर्बीण सोडायची आणि सगळा वेळ त्याच्याशी बोलत राहायचं. घाबरलेल्या माणसाचा घसा आवळतो, बोलत्या माणसाचा मोकळा होतो. आता ते काम रुग्णवाहिकेतली परिचारिकासुद्धा वेल लावून करायची. गरज सरो, वैद्य मरो, असं बाकीचे भूलतज्ज्ञ कुरकुरायचे. कुंदा म्हणायची, "माणसं मरत नाहीत ना? मग माझ्या दुर्बिणीला लागू दे बुरशी." असं म्हणायची आणि दर सोमवारी ती दुर्बीण कपाटातून काढून पुसून ठेवायची.

उलट वेलीमुळे तिला एक नवीच गोष्ट सुचली. कृत्रिम श्वासाच्या यंत्रावरचा माणूस बोलू शकत नाही, कारण नळी आवाजाच्या पडद्यांमधून गेलेली असते. पूर्वी अवघड माणसाची नळी काढायची म्हणजे घालण्याहून भीती, परत गेली नाही तर? आता वेल परत जाणारच. मग ज्याला झेपेल त्याची नळी रोज थोडा वेळ काढायला काय हरकत आहे? नाकाला जोराचा ऑक्सिजन लावायचा, घरच्यांना आत घ्यायचं, आणि माणसाला बोलू द्यायचं. कुंदाच्या जिल्हा रुग्णालयात रोज दुपारी चारला हे सुरू झालं. वॉर्डातल्या मावशींनी त्याला नाव दिलं बोलवेळ, आणि वर्षभरात आजूबाजूच्या जिल्ह्यांनीही ते उचललं.

लोकांना वाटेल, मरणाच्या दारातली माणसं काय मोठं मोठं बोलत असतील. छे! एका म्हातारीने सबंध बोलवेळ म्हैस व्याली की नाही यात घालवली. एका गृहस्थांनी मुलाला मोटारपंपाची किल्ली कुठे टाकलीस म्हणून झाप झाप झापलं. एक नवराबायको नुसतेच एकमेकांकडे बघत बसायचे आणि वेळ संपली की बायको म्हणायची, "आज छान बोलले." कुंदा दाराशी उभी राहून ऐकायची. बोलायला मिळालं की माणसं बोलतात. तिचा दादा मात्र घसा धडधाकट असून मुका होता.

आणि एक दिवस रुग्णवाहिकेतून दिवाकरच आला.

गिरणीतल्या धुळीने त्याची फुफ्फुसं वाळल्या दोडक्यासारखी कडक झाली होती. वरून न्यूमोनिया. रुग्णवाहिकेतच वेल नाकातून आत गेली होती, नाहीतर वाटेतच संपला असता. कुंदा धावत खाली आली. आयुष्यात पहिल्यांदा तिला मान, हनुवटी, तोंड काही दिसलं नाही. फक्त दादाचा चेहरा दिसला, म्हातारा झालेला.

न्यूमोनिया ओसरला, पण फुफ्फुसं सुधारणारी नव्हती. यंत्रावरून तो आता सुटणार नाही, हे कुंदाला एक्स-रे बघताच कळलं. दिवाकरची बायको देवकावहिनी दाराशी पदराचं टोक चावत उभी होती. तिला कुंदाने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

पहिल्या बोलवेळेला नळी निघाली. दिवाकर खोकला, ओठांवरून जीभ फिरवली. कुंदा त्याच्या अगदी डोक्याशी होती. त्याने मान वहिनीकडे वळवली आणि खरखरत्या आवाजात म्हणाला, "तिले सांग, पंखा कमी कर म्हणा."

सबंध वॉर्ड हसला. कुंदाने डोळे पुसत पंखा कमी केला.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तिले सांग, गळ्याले भोक पाडून नळी बसवायची नाई. जसा आलो तसाच जाईन."

"त्यांना सांगा, तसं केलं तर रोज नळी काढ-घाल करावी लागणार नाही," कुंदा वहिनीला म्हणाली.

"तिले सांग, नाई म्हणजे नाई."

मग हे रोजचंच झालं. देवकावहिनी मधे खुर्चीवर बसायची आणि दोघं भावंडं तिच्यामार्फत बोलायची. तिले सांग, घरी फोन लावून गाईले सरकीची ढेप घालायले सांग म्हणा. त्यांना सांगा, घालताहेत. तिले सांग, जेवून घे म्हणा, सुकून चालली. त्यांना सांगा, जेवले. "तिले सांग, खोटं बोलते. लहानपणापासून खोटं बोलताना नाक खाजवते." कुंदाचा हात नाकावरून खाली आला.

"माह्या तोंडाचा पार पोस्टमन करून टाकला बापा तुम्ही दोघांनी," वहिनी म्हणायची, पण तिचाही चेहरा उजळलेला असायचा. कुंदाला वाटायचं, आज नाही तर उद्या. उद्या नाही तर परवा. दादाचा पीळ सुटतोय. एवढी वर्षं थांबलो, आणखी चार दिवस थांबू.

पण हिरवी रेघ थांबायला तयार नव्हती. कडक फुफ्फुसांतून उच्छ्वास रोज थोडा कमी जोराने बाहेर यायचा. नळी परत घालताना वेल घशात घुटमळायची, इकडे वळायची, तिकडे वळायची, मग कशीबशी आत जायची. एका दुपारी ती इतकी घुटमळली की कुंदाची सहायक डॉक्टर रुचिका कापगते घामाघूम झाली. हुशार मुलगी, पण शिकली तीच वेलीवर. जुनी दुर्बीण तिने कधी हातात धरली नव्हती.

"मॅडम, यांची बोलवेळ आता बंद करू या," ती बाहेर येऊन म्हणाली. "पुढच्या वेळी रेघ पिवळी होणार. नळी आहे तशी राहू दिली तर अजून काही आठवडे निघतील."

"मुके आठवडे," कुंदा म्हणाली.

"पण आठवडे, मॅडम."

कुंदाने मान डोलावली. रुचिकाचं चूक नव्हतंच. दुसऱ्या दिवशी चार वाजले, आजूबाजूच्या खाटांवर नळ्या निघाल्या, बोलणी सुरू झाली. दिवाकरने नळीकडे बोट केलं. कुंदा जवळ गेली आणि वहिनीला म्हणाली, "त्यांना सांगा, आज काढली तर परत घालणं अवघड आहे. कदाचित जाणारच नाही."

वहिनीने सांगायची गरज नव्हती. दिवाकरने ऐकलं होतं. त्याने पुन्हा नळीकडेच बोट केलं, आणि या वेळी बहिणीकडे बघून केलं.

"काढा बाई," देवकावहिनी म्हणाली. "बोलू द्या त्याहिले. मले काही नाई, मी तर रोजच ऐकून राहिले. पण त्याहिच्या पोटात काहीतरी आहे."

कुंदा कपाटापाशी गेली. दुर्बीण काढली, दिवा लागतो का पाहिला. हात दुर्बिणीवर होते आणि डोक्यात एकच प्रश्न होता. हे मी दादासाठी करतेय की माझ्यासाठी? त्याच्या तोंडून एकदा 'कुंदे' ऐकायला मिळावं म्हणून मी त्याचे आठवडे पणाला लावतेय का? खरं सांगायचं तर तिने उत्तर फार शोधलं नाही.

नळी निघाली. दिवाकरने दम खाल्ला. मग बायकोला म्हणाला, "देवका, तू जाय बाहेर."

वहिनी चपापली. कुंदाकडे एकदा बघितलं आणि पदर सावरत बाहेर गेली.

आता मधली खुर्ची रिकामी होती. दिवाकर छताकडे बघत होता. ओठ हलले, मिटले. पुन्हा हलले, पुन्हा मिटले. इतक्या वर्षांचा अबोला, त्याची कडी गंजून बसली होती. कुंदा स्वतः बोलू शकली असती. दादा, चुकलं माझं, असं तिसऱ्यांदा म्हणू शकली असती. पण तिला वाटलं, आज पहिला शब्द त्याचा असू दे. घाई करायला नको.

तेवढ्यात ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला.

"मॅडम!" रुचिकाने वेल लावली. नाकातून ती आत शिरली, घशापर्यंत पोचली आणि थांबली. पडद्यावर रेघ पिवळी. रुचिकाने पुन्हा लावली. पुन्हा पिवळी. वेलीला श्वास सापडत नव्हता.

"बाजूला हो," कुंदा म्हणाली आणि दुर्बीण उचलली. तिच्यावर नळी आधीच चढवून ठेवली होती. घशात बधिर करणारं औषध उडवलं. हात अगदी स्थिर होते. आवाजही तोच निघाला, ज्या आवाजाने तिने पूर्वी कितीतरी घाबरलेल्या माणसांना धरून ठेवलं होतं.

"दादा, मी आहे. नाकातून बारीक दोरी येते, घाबरू नको. माह्या आवाजाकडे लक्ष दे. हं, आता लांब ईऽ म्हण."

दिवाकरने तिच्याकडे पाहिलं.

"ईऽऽ," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत दादाने तिला दिलेलं हे पहिलं उत्तर होतं, आणि ते एक अक्षर होतं. पण ती दुर्बिणीच्या पडद्यावरून नजर काढू शकत नव्हती. तिथे घशाच्या तळाशी आवाजाचे दोन पडदे दिसत होते, पांढरे, दाराच्या दोन फळ्यांसारखे. बोलताना फळ्या मिटतात, श्वास घेताना उघडतात. उघडल्या की त्या क्षणी आत जायचं. उशीर केला की दार बंद. हेच तिने स्वतःला शिकवलं होतं, हेच शेकडो वेळा केलं होतं.

"छान. आता श्वास घे, दादा."

फळ्या उघडल्या, पण थोड्याच. मग त्या मिटल्या, थरथरल्या. कुंदाने पडद्यावर आवाज आधी पाहिला, मग ऐकला.

"कुंदे..."

"हो, दादा."

"त्या दिवशी... मी..."

आणि पुढचं बोलण्यासाठी दिवाकरने होती नव्हती ती सगळी ताकद लावून श्वास ओढला. दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

कुंदाचा हात गेला.

तिने ठरवलं नव्हतं. तिला विचारायलाही वेळ मिळाला नाही. डोक्याला कळायच्या आत हाताने दुर्बीण पुढे सारली, श्वासनलिकेच्या कड्या दिसल्या, मागून नळी सरकली आणि जागेवर बसली. यंत्राने श्वास दिला. छाती वर आली. आकडा चढू लागला.

"मॅडम! काय सुंदर!" रुचिकाच्या डोळ्यांत पाणी होतं. "असं मी कधी पाहिलं नव्हतं."

कुंदा नळी धरून उभी होती. दिवाकरचे ओठ अजून हलत होते. आपला आवाज गेलाय हे त्याला कळलंच नव्हतं. तो बोलत होता, बहिणीकडे बघत, सरळ, मधे कुणी नाही, आणि जे काय होतं ते सगळं सांगत होता. कुंदा वाकून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने माणसांची तोंडं पाहिली होती, ती किती उघडतात तेवढंच. ओठ वाचायला ती कधी शिकली नव्हती. आणि दादाचे ओठ तरी कितीसे उघडत होते! एकच बोट.

मग त्याचं सांगून झालं. त्याने समाधानाने डोळे मिटले.

"दादा," कुंदा म्हणाली, "दादा, मला ऐकू नाही आलं."

रुचिकाने तोवर झोपेचं औषध चढवलं होतं. औषध उतरल्यावरही तो नीट जागा झालाच नाही; फुफ्फुसांतून न निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची गुंगी चढली होती. कधी डोळे उघडायचा, पण त्यात ओळख नसायची. कुंदाने त्याच्या हातात पेन दिलं, ते गळून पडलं. रोज चारला ती त्या रिकाम्या खुर्चीवर बसायची. बाजूच्या खाटांवर बोलवेळ चालायची, कुणी रागवायचं, कुणी हसायचं. ती दादाचा हात हातात घेऊन विचारायची, "काय म्हणत होतास रे?" आठवडे मिळाले खरे, रुचिका म्हणाली होती तसेच. मुके आठवडे. आणि मग तेही संपले.

तेराव्याला गावची माणसं जेवून गेली. घरात वड्यांचा आणि उदबत्तीचा वास होता. देवकावहिनीने कुंदाला पान वाढलं आणि समोर बसली. कुंदाच्या हातातला घास हातातच राहिला.

"एक विचारू का बाई?" वहिनी म्हणाली. "मले त्या दिवशी बाहेर पाठवलं त्याहिनं. मंग बोलले का जी ते तुमच्याशी?"

"बोलले," कुंदा म्हणाली.

वहिनीचा चेहरा एकदम हलका झाला. तिने डोळ्यांना पदर लावला. "चांगलं झालं बापा. लय दिवसांचं होतं त्याहिच्या मनात. रात्रंदिवस तेच तेच. पण मले कधी सांगितलं नाई. म्हणत, जे आहे ते मी कुंदीलेच सांगीन. काय म्हणाले?"

कुंदाने मान वर केली. खोटं बोलायचा विचार तिच्या मनात आला, तिचा हात नाकाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"कुंदे म्हणाला," ती म्हणाली. "त्या दिवशी मी, म्हणाला."

"आन् मंग?"

"मग त्याने श्वास घेतला, वहिनी, आणि मी नळी घातली."